घाटात जुनी जीप अचानक ‘मेली’ तर: करंट कुठं अडला ते शोधायची पद्धत

जुनी जीप किंवा जिप्सी चालता चालता एकदम गप्प होते. दिवे नाहीत, हॉर्न नाही, चावी फिरवली तर साधं टिकसुद्धा वाजत नाही. अशा वेळी पहिला संशय बॅटरीवर जातो, दुसरा बॅटरी भरणाऱ्या अल्टरनेटरवर, आणि बहुतेक वेळा दोन्ही निर्दोष निघतात. बॅटरी सहसा सांगून जाते. आधी चार-सहा दिवस सकाळी सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) जड फिरायला लागतो. अल्टरनेटर बंद पडला तर बॅटरीवर गाडी बराच वेळ ओढते आणि दिवे हळूहळू पिवळे पडत जातात. क्षणात सगळं गेलं, तर बॅटरीपासून डॅशबोर्डपर्यंतच्या वाटेवर कुठला तरी एक जोड सुटलाय, जळलाय किंवा गंजलाय असं धरून चला. दुकानातून नवा भाग आणण्याआधी तो जोड शोधायचा. एक बल्ब, एक मल्टिमीटर आणि चार पाने असले की रस्त्याच्या कडेला अर्ध्या तासात तो सापडतो.

कोल्हापूरच्या पश्चिमेला हा प्रश्न जास्त छळतो. गगनबावडा, दाजीपूर, आंबा या पट्ट्यात जून ते सप्टेंबर गाडी सुकतच नाही. जांभ्याची तांबडी माती चिखल होऊन चासीच्या खोबणीत, अर्थच्या (करंट बॅटरीकडं परत नेणाऱ्या जोडाच्या) बोल्टवर, सेल्फच्या नटावर बसते आणि वरून वाळली तरी आत ओल धरून ठेवते. तांब्याची तार तिथं आवरणाच्या आतून हिरवी पडत जाते. हिवाळ्यात तोच जोड कोरडा होऊन बरा चालतो. म्हणून ‘आपोआप नीट झाली’ म्हणून सोडून दिलेली गाडी पुढच्या पावसाळ्यात नेमकी घाटात थांबते.

इथलं सगळं १२ व्होल्ट, निगेटिव्ह अर्थ असलेल्या गाड्यांसाठी आहे: महिंद्राच्या एमएम ५४०, ५५०, मेजर, कमांडर, आर्माडा, कार्ब्युरेटरची आणि एमपीएफआय (कंट्रोल युनिटनं पेट्रोल फवारणारी) जिप्सी, पहिल्या पिढीची थार डीआय. फार जुन्या विलीज जातीच्या जीपांना मुळात ६ व्होल्टची यंत्रणा होती. ती तशीच ठेवली असेल तर खालचे आकडे लागू नाहीत.

हात लावण्याआधी

बॉनेट उघडायच्या आधी वास घ्या. जळक्या प्लॅस्टिकचा वास किंवा डॅशखालून धूर असेल तर आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि मग बाकीचं बघा. निगेटिव्हच आधी, कारण पॉझिटिव्ह सोडवताना पाना बॉडीला टेकला तर वेल्डिंगसारखी ठिणगी उडते, आणि चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो. जोडताना उलट: आधी पॉझिटिव्ह, शेवटी निगेटिव्ह. हातातलं कडं, अंगठी, धातूच्या पट्ट्याचं घड्याळ काढून खिशात टाका. बॅटरीचा पॉझिटिव्ह आणि बॉडी यांच्यामध्ये कडं अडकलं तर ते लाल होईपर्यंत सोडवता येत नाही.

इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून ‘अल्टरनेटर तपासायची’ एक जुनी पद्धत आहे. डायनामोच्या काळात ती चालून जायची. अल्टरनेटरच्या गाडीत असं केलं तर व्होल्टेज एकदम उसळतं आणि डायोड, रेग्युलेटर, एमपीएफआय असेल तर कंट्रोल युनिटसुद्धा जातं. कुणी कितीही अनुभवी माणूस सांगत असला तरी करू देऊ नका.

आता एक साधी खूण. सगळं गेलं तेव्हा इंजिनही बंद पडलं का? पेट्रोल गाडीला ठिणगीसाठी करंट लागतो, ती बंद पडणारच. डिझेलला चालू राहायला वीज लागत नाही. ज्या पंपाला इंधन अडवणारा सोलेनॉइड आहे तिथं करंट गेला की सोलेनॉइड मिटतो आणि इंजिन थांबतं. स्टॉप केबल ओढून बंद करायची गाडी मात्र डॅश पूर्ण मेला तरी चालतच राहते. तशी चालू राहिली तर घाई करून बंद करू नका. दिवसा असाल तर कमी आरपीएमवर सपाट, रुंद जागेपर्यंत न्या आणि मगच थांबवा.

विनाअवजार दोन मिनिटं

चावी न लावता हेडलाइट, हॉर्न आणि आतला दिवा लावून बघा. बहुतेक जुन्या गाड्यांत निदान एखाददुसरा दिवा थेट बॅटरीच्या लाइनवर असतो. मग चावी ऑन करून चार्जिंगचा आणि ऑइलचा लाल दिवा पाहा, आणि शेवटी सेल्फ मारा.

यातलं काहीच नाही, एकही दिवा नाही, तर दोष बॅटरी, तिची टर्मिनल, मुख्य वायर, फ्यूजिबल लिंक (शॉर्टला वितळणारी वायर, तिच्याकडं पुढं येऊ), अँमीटर (डॅशवरचा करंट दाखवणारा मीटर) किंवा अर्थ यांत आहे. हेडलाइट, हॉर्न ठणठणीत पण चावीवर काही नाही, तर इग्निशन स्विच किंवा त्याचा फीड, म्हणजे त्याला करंट आणणारी वायर. दिवे झगझगीत, चावीवर लाल दिवे येतात पण सेल्फ नुसताच टिक करतो, तर सेल्फची जाड वायर, इंजिनची अर्थ किंवा सेल्फवरचा सोलेनॉइड.

एक लक्षण नीट ओळखून ठेवण्यासारखं आहे. चावीवर दिवे येतात, सेल्फ मारला की ‘टक’ होतं आणि सगळं विझतं. आता चावी सोडा. दिवे लगेच परत आले तर बॅटरी उतरलेली आहे. दिवे मेलेलेच राहिले आणि टर्मिनलला हात लावून हलवल्यावर, किंवा पाच-दहा मिनिटांनी आपोआप आले, तर जोड ढिला आहे. बॅटरीला दोष देऊन नवी बसवली जाते ती नेमकी या दुसऱ्या प्रकारात. नवी बसवताना टर्मिनल साफ होऊन घट्ट बसतं, गाडी सुरू होते, आणि जुनी बॅटरी विनाकारण भंगारात जाते.

मीटर खोटं का बोलतो

मल्टिमीटरवर १२.६ व्होल्ट दिसले म्हणजे वायर चांगली, असं नाही. मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, त्यामुळे पंचवीस तारांपैकी एकच तार शिल्लक असली तरी तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो. समजा, टर्मिनलच्या जोडात फक्त ०.०५ ओहमचा अडथळा आलाय. नुसत्या मीटरवर काही फरक दिसणार नाही. हेडलाइट लावले, म्हणजे साधारण १० अँपियर, तर त्या जोडावर अर्धा व्होल्ट खाल्ला जाईल. दिवे थोडे मंद, एवढंच. पण सेल्फ २०० अँपियर मागायला गेला तर तेवढ्या करंटला त्या जोडावरच १० व्होल्ट खर्ची पडायला हवेत. साहजिकच सेल्फला काही उरत नाही. म्हणून तपासणी नेहमी लोडवर करायची.

त्यासाठी सगळ्यात भरवशाचं अवजार घरी बनवा. ब्रेक लाइट किंवा इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॉटचा बल्ब, त्याचा होल्डर, होल्डरला १ चौरस मिमीच्या दोन वायर, एक अर्धा मीटर आणि एक तीन मीटर, दोन्हींच्या टोकाला मगरचिमटे. हा बल्ब पाऊणे दोन अँपियर ओढतो, म्हणजे कुजलेल्या तारेवर तो उजळत नाही, लालसर मिणमिणतो. पेनसारखा छोटा टेस्टर मीटरइतकाच फसवा असतो. एमपीएफआय जिप्सीत कंट्रोल युनिटकडे जाणाऱ्या वायरींना मात्र हा बल्ब लावू नका, एवढा करंट त्या सर्किटला झेपत नाही. तिथं मीटरच वापरा.

वाटेवर बल्ब घेऊन चालणं

लांब वायरचा चिमटा बॅटरीच्या निगेटिव्ह पोस्टला लावा. क्लॅम्पला नको, शिशाच्या पोस्टला. आता दुसरं टोक क्रमानं पुढं नेत जा: पॉझिटिव्ह पोस्ट, पॉझिटिव्ह क्लॅम्प, सेल्फवर जाड वायर येते तो नट, फ्यूजिबल लिंकची दोन्ही टोकं, अँमीटरचे दोन्ही नट, इग्निशन स्विचचा फीड, फ्यूज बॉक्स. एखाद्या गाडीत यातला एखादा टप्पा नसेल, क्रम थोडा इकडंतिकडं असेल. बल्ब जिथं पहिल्यांदा विझतो किंवा मंद होतो, त्याच्या आणि आधीच्या ठिकाणाच्या मधे दोष. सगळीकडं उजळला तर दोष अर्थच्या बाजूला. त्याकडं नंतर येऊ.

पोस्टवर उजळतो आणि क्लॅम्पवर नाही, हे सगळ्यात जास्त वेळा सापडतं. क्लॅम्प काढला की पोस्टभोवती करडा-काळा, बोटाला न लागणारा पातळ थर दिसतो. वरची पांढरी-हिरवी बुरशी दिसते म्हणून सगळे तीच धुतात. करंट अडवतो तो आतला हा थर. एक कप कोमट पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून बुरशी धुवा, सोडा बॅटरीच्या झाकणाच्या भोकांतून आत जाऊ देऊ नका, मग पोस्ट आणि क्लॅम्पचा आतला भाग पॉलिश पेपरनं चकचकीत होईपर्यंत घासा. घट्ट बसवून झाल्यावर वरून व्हॅसलिन. क्लॅम्प पूर्ण आवळूनही पोस्टवर फिरत असेल तर तो ताणला गेलाय. रस्त्यात तांब्याच्या पट्टीचा तुकडा आत सारून वेळ भागवा, घरी आल्यावर बदला. मोठ्या खिळ्यानं ठोकून बसवलेले क्लॅम्प दिसतात, त्यात पोस्टची मुळं सैल होऊन बॅटरी कायमची जाते.

बॅटरीचा स्वतःचा निकाल असा लावा. गाडी बंद ठेवून काही तास झाल्यावर १२.६ ते १२.७ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली गेली तर उतरलेली. सेल्फ मारताना पोस्टवर ९.६ च्या खाली जाऊ नये. पाणी घालायची बॅटरी असेल तर हायड्रोमीटरनं (आतल्या आम्लाची घनता मोजणाऱ्या नळीनं) सहाही घरं तपासा. भरलेल्या घराचं वाचन १.२६० ते १.२८० असतं. पाच घरं सारखी आणि एक पार खाली, तर ते घर गेलं. बॅटरी खरोखर ‘अचानक’ मरते ती फक्त आतली पट्टी तुटली तर. मग विनालोड १२ दिसतात आणि हेडलाइट लावताच २-३ वर कोसळतात. खडकाळ वाटेवर पट्टा न लावता बॅटरी मोकळी ठेवणाऱ्या गाड्यांत हे होतं.

सेल्फच्या नटाकडं सहसा कोण बघत नाही. बऱ्याच जुन्या गाड्यांत डॅशची मुख्य फीड वायर बॅटरीवरून नाही, तर सेल्फच्या याच नटाखालून उचललेली असते. सायलेन्सरजवळची गरमी, इंजिनची थरथर आणि चिखल यांनी नट सैल होतो. सेल्फची जाड वायर कशीबशी टेकून राहते, पण तिच्यावरची बारीक थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी) तुटते आणि डॅश संपूर्ण मरतो. तिथं पाना लावण्याआधी निगेटिव्ह काढाच. या नटावर फ्यूज नसतो.

फ्यूजिबल लिंक म्हणजे मुद्दाम बारीक ठेवलेल्या वायरीचा तुकडा, मोठा शॉर्ट झाला तर आधी वितळावा म्हणून. ती बाहेरून धडधाकट दिसते, कारण आवरण जळत नाही. दोन्ही टोकं धरून हलकेच ओढा. रबरासारखी ताणली गेली किंवा मधे फुगवटा लागला तर आतली तार गेली. तिथं साधी वायर जोडून निघू नका. घरी पोचण्यापुरतं होल्डरसकट ३० अँपियरचा ब्लेड फ्यूज लावा आणि गरजेपुरताच लोड चालवा. तो लगेच उडला तर शॉर्ट अजून तिथंच आहे.

अँमीटर

ज्या जीपच्या डॅशवर मधोमध शून्य असलेला, दोन्ही बाजूंना काटा हलणारा अँमीटर आहे, तिथं बल्ब घेऊन सरळ त्याच्याकडंच गेलात तरी चूक नाही. सेल्फ सोडून गाडीतला जवळजवळ सगळा करंट त्या छोट्या मीटरमधून जातो. मीटरच्या पाठीला दोन नट असतात. थरथरीनं एक सैल झाला की तिथं उष्णता तयार होते. उष्णतेनं तांबं काळं पडतं, अडथळा वाढतो, आणखी तापतं. शेवटी एखाद्या खड्ड्यात थिंबल उचलली जाते आणि सगळं जातं.

निगेटिव्ह काढून डॅशखाली टॉर्च मारून बघा. निरोगी जोड पितळी किंवा राखाडी दिसतो. दोषी नटाजवळची वायर दोन-तीन सेंटिमीटर कडक, तपकिरी झालेली असते, आवरण बोटानं दाबलं की तडकतं. अशी वायर परत तिथंच घट्ट करून उपयोग नाही. करपलेला भाग कापा, स्वच्छ तार दिसेपर्यंत मागे जा, नवी थिंबल दाबा. रस्त्यात मीटरच संशयित असेल तर दोन्ही वायरींच्या थिंबल एका ६ मिमी बोल्टवर नट-वॉशरनं आवळा, वर रबरी नळी चढवून टेप गुंडाळा. मीटर काही दाखवणार नाही, गाडी मात्र धावेल.

मूळचा ३०-०-३० चा अँमीटर आणि नंतर बसवलेला ६०-६५ अँपियरचा अल्टरनेटर ही जोडी तर कायमचीच मोडावी. उतरलेली बॅटरी भरताना त्या मीटरमधून त्याच्या ताकदीच्या दुप्पट करंट जातो. त्या भोकात व्होल्टमीटर बसवा. त्यातून करंट जात नाही आणि तो चार्जिंगबद्दल जास्त सांगतो.

चावी आणि फ्यूज

इग्निशन स्विचच्या फीडवर बल्ब चावी बंद असतानाच उजळायला हवा. चावी ऑन केल्यावर दुसऱ्या टर्मिनलवरही तेवढाच उजळला पाहिजे. फीडवर झगझगीत आणि दुसरीकडं मिणमिणता, किंवा चावी हलवताना लपंडाव, तर स्विचचे आतले पॉइंट जळलेत. किल्ल्यांचा जडशीळ जुडगा लोंबकळत ठेवणाऱ्या गाड्यांत हे लवकर होतं. रस्त्यात फीड आणि ऑनचं टर्मिनल ४ चौरस मिमीच्या वायरीनं जोडून इंजिन सुरू करता येतं, पण गाडी बंद करायलाही ती वायर काढावी लागते हे ध्यानात असू द्या. वायरीच्या रंगावर विसंबू नका. तीस वर्षांत किमान तीन हातांनी ते वायरिंग बदललेलं असतं.

जुन्या फ्यूज बॉक्समध्ये टोकदार चिनी मातीचे फ्यूज असतील तर ते उडालेले नसतानाही करंट अडवतात. पत्र्याच्या टोकाला आणि पकडीला बारीक थर चढतो. प्रत्येक फ्यूज जागेवरच बोटानं चार-पाच वेळा गोल फिरवा. निम्मे दोष एवढ्यानंच जातात. पिवळा ५, पांढरा ८, लाल १६, निळा २५ अँपियर. नव्या ब्लेड फ्यूजचे रंग वेगळे: लाल १०, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०. दोन्ही प्रकार एकाच गाडीत असले की रंग बघून बदलणारा माणूस हमखास चुकतो, म्हणून वरचा आकडा वाचा. फ्यूजऐवजी सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद किंवा जाड तार बसवलेली दिसली, तर त्या सर्किटची वायर कुठं तरी आधीच तापलेली आहे, तीही शोधा.

फ्यूज पुन्हा पुन्हा उडतो तेव्हा

पाच फ्यूज जाळून शॉर्ट सापडत नाही. उडालेल्या फ्यूजच्या जागी २१ वॉटचा तोच बल्ब लावा, दोन चिमटे फ्यूजच्या दोन पकडींना. आता शॉर्ट असला तरी सर्किटमधून पाऊणे दोन अँपियरच्या वर करंट जाणारच नाही, वायर तापणार नाही. बल्ब पूर्ण तेजानं पेटला तर शॉर्ट आहे. त्या सर्किटवरचे दिवे, वायपर, पंप एकेक करून तोडत जा, मग वायरिंगचा लूम (एकत्र बांधलेल्या वायरींचा जुडगा) हातानं हलवत पुढं सरका. ज्या ठिकाणी हात लागताच बल्ब मंदावतो किंवा विझतो, तिथंच वायर उघडी पडून लोखंडाला टेकलीय. एकटं असाल तर बल्ब आरशात दिसेल असा टांगा. बल्ब आधीपासून मंद असेल तर तो शॉर्ट नाही, फक्त कुठला तरी लोड चालू आहे.

शॉर्टच्या नेहमीच्या जागा ठरलेल्या आहेत. फायरवॉलच्या (इंजिन आणि डॅशमधल्या पत्र्याच्या) भोकातलं रबरी ग्रोमेट गळून पडलं की पत्र्याची धार वायरिंग कापते. मागच्या दिव्यांचा लूम चासीवरून जिथं वळतो तिथं दगड लागतो. स्टिअरिंगच्या नळीत हॉर्नची वायर पिळून तुटते. आणि गिअरबॉक्सवरच्या रिव्हर्स लाइट स्विचची वायर चिखलानं ओढली जाऊन सायलेन्सरवर वितळते. रिव्हर्स लाइट पुष्कळदा डॅशच्या मीटरांबरोबर एकाच फ्यूजवर असतो, त्यामुळे मागं घ्यायला गिअर टाकला आणि सगळे मीटर मेले, असं विचित्र दिसणारं लक्षण इथून येतं. महिना दोन महिने उभी असलेली गाडी असेल, त्यातही उसाच्या रानाशेजारी, तर उंदरांनी कुरतडलेल्या वायरी इंजिनच्या वरच्या बाजूला आधी बघा.

अर्थ

पॉझिटिव्हची वाट सगळीकडं उजळली, तरी गाडी मेलेली. आता बल्बचा चिमटा पॉझिटिव्ह पोस्टला लावा आणि दुसरं टोक निगेटिव्ह क्लॅम्प, चासी, इंजिन ब्लॉक आणि डॅशमागच्या बॉडीच्या उघड्या लोखंडाला एकेक करून टेका. चारही ठिकाणी सारखा उजळायला हवा. बॉडी चासीवर रबराच्या तुकड्यांवर बसते, इंजिनही रबरी माउंटिंगवर. म्हणजे तीन अर्थ लागतात: बॅटरीची चासीला, इंजिनची चासीला, बॉडीची चासीला. त्यातली एक कुणीतरी इंजिन उतरवताना काढलेली आणि परत न लावलेली असते.

इंजिनची अर्थ तुटली की सेल्फचा करंट परतीची दुसरी वाट शोधतो, आणि ती असते अ‍ॅक्सिलरेटर किंवा चोकची बारीक केबल. सेल्फ मारल्यावर केबल हाताला गरम लागली, जळका वास आला किंवा अ‍ॅक्सिलरेटर जाम झाला, तर आणखी काही तपासायची गरज नाही.

बल्ब पाऊणे दोन अँपियरचा असल्यामुळे सेल्फच्या वाटेतला दोष त्याला कळत नाही. तिथं मीटर २० व्होल्टच्या रेंजवर ठेवा. एक टोक निगेटिव्ह पोस्टवर, दुसरं इंजिन ब्लॉकवर, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टपर्यंत ठीक, अर्धा व्होल्ट दिसला तर अर्थ खराब. तसंच पॉझिटिव्ह पोस्ट ते सेल्फचा नट: ०.५ च्या वर जाऊ नये. इंजिन सुरू होऊ नये म्हणून पेट्रोल गाडीत कॉइलचा फीड, डिझेलमध्ये पंपावरच्या सोलेनॉइडची वायर आधी काढा. केबलची गाडी असेल तर स्टॉप ओढून धरा.

दुरुस्ती अशी: बोल्ट पूर्ण काढा, रंग आणि गंज खरवडून थिंबलएवढं चकचकीत लोखंड उघडं करा, दातेरी वॉशर घाला, आवळा, आणि मग बाहेरून ग्रीस किंवा रंग. ग्रीस आधी लावून वर थिंबल बसवायची नाही. रस्त्यात अर्थ तुटलेली सापडली तर जंप केबलची काळी वायर निगेटिव्ह पोस्टवरून थेट इंजिनच्या जाड बोल्टला लावून सेल्फ मारा. तेवढ्यात सुरू झाली तर निदानही झालं.

सुरू झाली, निघायच्या आधी

इंजिन १५०० आरपीएमच्या आसपास धरून पोस्टवर मीटर लावा. १३.८ ते १४.४ व्होल्ट हवेत. १४.८ च्या वर गेले तर रेग्युलेटर गेला, बल्ब उडणार आणि बॅटरी उकळणार. १३ च्या खाली असेल तर अल्टरनेटर फिरवणारा पट्टा, ब्रश किंवा चार्जिंगचा लाल दिवा बघा. बऱ्याच अल्टरनेटरना सुरुवातीचा करंट त्याच दिव्यातून मिळतो, तो उडाला तर चार्जिंग सुरूच होत नाही.

चार्जिंगचा दिवा लागला आणि पाण्याचा काटाही वर चढायला लागला, तर पट्टा तुटलाय, कारण वॉटर पंप सहसा त्याच पट्ट्यावर असतो. तिथंच थांबा. बऱ्याच डिझेल गाड्यांत ब्रेकचा व्हॅक्युम पंपही अल्टरनेटरच्या पाठीलाच बसवलेला असतो. पट्टा गेला की ब्रेक दगडासारखा होतो, आणि करूळच्या किंवा भुईबावड्याच्या उतारावर हे कळणं उशिराचं ठरतं.

पट्टा शाबूत, फक्त चार्जिंग नाही, तर हिशोब करा. कार्ब्युरेटरची जिप्सी इग्निशनला ४-५ अँपियर खाते, एमपीएफआय पंपासकट १० च्या आसपास, सोलेनॉइडचं डिझेल एक-दोन. भरलेल्या ६० एएच (अँपियर-तास) बॅटरीतले निम्मे, म्हणजे ३० एएच वापरायचे धरले, तर दिवसाउजेडी दिवे, पंखा, टेप बंद ठेवून गगनबावड्याहून कोल्हापूरचे पंचावन्न किलोमीटर यातली कुठलीही गाडी पार करते. रात्री हेडलाइट लागले की हिशोब फिरतो.

धक्का मारायचा का? बॅटरी पूर्ण मेलेली असेल तर पेट्रोल गाडी धक्क्यानं सुरू होत नाही, कॉइलला करंटच नसतो आणि अल्टरनेटरलाही चेतवायला थोडा लागतोच. स्टॉप केबलचं डिझेल मात्र बॅटरी नसली तरी उतारावर उठतं.

घरी आल्यावर

रस्त्यातली जोडणी त्याच आठवड्यात काढा. घरगुती फिटिंगची वायर गाडीत वापरू नका, तिच्या जाड तारा थरथरीनं तुटतात; बारीक तारांची ऑटो वायर घ्या. साधारण १० अँपियरला १.५, २० ला २.५, ३० ला ४ चौरस मिमी. बॅटरी आणि इंजिन अर्थची केबल पेट्रोलला २५, डिझेलला ३५ च्या खाली नको. थिंबल हातोडीनं चेपलेली नको. कोल्हापूरच्या उद्यमनगरात हायड्रॉलिक मशीनवर दाबून देणारा शोधा. नुसतं सोल्डर केलं तर तार कडक होते आणि जिथं कडकपणा संपतो तिथंच मोडते. हेडलाइटला १००/९० वॉटचे बल्ब असतील तर हाय बीमला १७ अँपियरच्या आसपास करंट लागतो. डॅशच्या स्विचमधून तो नेऊ नका, रिले (थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) बसवा: बॅटरीवरून फ्यूज घेऊन त्याच्या ३० नंबरला, बल्ब ८७ ला, आणि डॅशच्या स्विचचा करंट फक्त ८५-८६ च्या कॉइलला.

शेवटी एकदा गळती मोजा. सगळं बंद, दरवाजे मिटलेले, निगेटिव्ह क्लॅम्प काढून मीटर १० अँपियरच्या जागेत पोस्ट आणि क्लॅम्पच्या मधे. जुन्या डिझेल जीपमध्ये वाचन जवळजवळ शून्य हवं, टेप किंवा अलार्म असेल तर ५० मिलिअँपियरपर्यंत चालेल. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा, ज्या फ्यूजवर आकडा पडतो त्याचं सर्किट दोषी. एकही फ्यूज काढून पडत नसेल तर अल्टरनेटरची जाड वायर सोडवून बघा, डायोड गळत असतो. मीटर असा मधे असताना कुणी चावी फिरवली तर मीटरमधला फ्यूज जातो, म्हणून आधी चावी काढून स्वतःच्या खिशात ठेवा.